अर्थिंग

सीताबर्डीहून आणली त्या रात्री
तिला पलंगावर माझ्या जागी झोपवलं,
मी खाली चटईवर.
लालबुंद, कडांना काळी पडत गेलेली.
कुंदा दिवा मालवताना म्हणाली,
"बेचाळीसचे झाले तुम्ही,"
आणि कूस बदलली.

तीन आठवडे बोटांची टोकं सुजली, मग कडक झाली.
खांबावर चढल्यावर हातमोजा काढून
मी ती एकमेकांवर वाजवून पाहायचो, टक् टक्,
स्वतः कमावलेली.

मग मार्च आला.
मार्च म्हणजे आमच्या खात्यात वसुली.
हुडकेश्वर, नरसाळा, बेसा,
लोकांच्या घरचा उजेड कापत फिरलो.
एका म्हातारीनं तरीही पाणी दिलं, गुळाचा खडा दिला.
घरी येऊन हात धुवायचो
आणि त्या कोपऱ्याकडे बघायचो नाही.

तिच्या मानेवर आधी टॉवेल आला,
मग कुंदाची पिशवी,
मग पारसचं दहावीचं हॉलतिकीट
तारांत खोचलेलं, हरवू नये म्हणून.
माझ्या बोटांची सालं लसणासारखी निघाली.
पाच तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज तेवढा वाजायचा.

एप्रिलात कूलर बसवला, ताट्या बदलल्या.
त्या रात्री झोप येईना म्हणून सहज प्लग लावला
तर अँप भुणभुणायला लागला.
कूलर बंद केला, तरी भुणभुण.
तारांवर तळवा ठेवला की गप्प,
उचलला की पुन्हा सुरू.
पारस अडीच महिन्यांचा असताना असंच करायचा.
आणि मनगटाला काहीतरी चावलं, बारीक.
एकवीस वर्षं तारा हाताळतोय,
ही मुंगी मी ओळखतो.
टेस्टर धरला. लुकलुकला.

गावभर दुसऱ्यांचं अर्थिंग तपासणाऱ्या माझ्या घरचं अर्थिंग
मेलेलं होतं, किती वर्षांपासून कोण जाणे.
फ्रिज बोलला नाही, मिक्सर बोलला नाही.

रविवारी मागच्या बोळात खड्डा खणला.
हातभर खालीही माती विटेसारखी.
कोळसा, खडेमीठ, तांब्याची पट्टी.
भिंतीवरून डोईफोडे काकू:
"कोणाले पुरून राहिले जी?"
"कोणाले नाही काकू, गिटारसाठी आहे."
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"मीठ खाते का ते?"

जमीन ओली असेल तरच विजेला थारा देते.
आणि इथं मे महिन्यात ओल म्हणजे
कूलरच्या टाकीत, नाहीतर माणसाच्या पाठीवर.
म्हणून रोज संध्याकाळी एक बादली.
नळ एक दिवसाआड, कुंदा मोजून देते.
"भांड्याचं चालते का?"
चालतं. जमिनीला कुठं नाक आहे.

बादली ओतून आत येतो, वाजवतो.
रोज नाही, खोटं कशाला सांगू.
आठवड्यातून तीनदा, कधी एकदाच.
तेच चार कॉर्ड,
त्यातला एफ अजून घसा धरल्यासारखा.
पारसच्या बॅटनं पुढचा एक टवका उडालाय.
फेब्रुवारीत उडाला असता
तर घर डोक्यावर घेतलं असतं.
आता वाजवणं थांबलं की अंगठा आपोआप तिथं जातो,
तिथलं लाकूड पिवळं आहे, साधं,
दाराच्या चौकटीसारखं.

परवा लाइट गेली. अंधारात तशीच वाजवली,
डब्यात मोहरी हलवावी एवढा आवाज.
कुंदा पदरानं वारा घेत म्हणाली,
"अशी बरी वाटते."
तेवढ्यात फोन आला: बेशाला तार तुटली.
पक्कड घेतली, निघालो.
बादली राहिली, हे अर्ध्या रस्त्यात आठवलं.

रात्री तीनला मागच्या बोळातून आलो
तर चप्पल चिखलात रुतली.